भिरंड, अननस, बोंडू: घरच्या घरी ताज्या फळांचा सोडा

गेल्या मे महिन्यात नणंद पुण्याहून मुलांना घेऊन आली होती. एका दुपारी तिच्या धाकट्याने फ्रीजमधला आमरस ग्लासात घेतला आणि वरून सोडा ओतला, तर भसकन फेस वर येऊन अर्धा ओट्यावर सांडला आणि ग्लासात जे उरलं त्याला ना आमरसाची चव ना सोड्याची. बिचारा एवढंसं तोंड करून बसला. मग त्याला जवळ बसवून भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, सिरप काढलं आणि नीट रीतीने ग्लास करून दिला, त्याने लागोपाठ दोन ग्लास संपवले आणि मामी हे दुकानात कुठे मिळतं म्हणून विचारलं. दुकानात नाही मिळत हे असलं. तेव्हापासून नणंद फोनवर रेसिपी विचारतेय, दर वेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

मुख्य गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर आहे. चव सिरपमध्ये असते, गॅस सोड्यात असतो, दोघांची भेट ग्लासातच करायची, त्याआधी नाही. आणि भेट होताना दोघंही चांगले गार हवेत. फळाचा रस नाही, पल्प नाही, सिरप. गाळलेलं, घट्ट आणि आंबट.

असं का ते पण सांगते. सोड्याचं पाणी म्हणजे पाण्यात दाबाखाली विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड. पाणी जेवढं थंड तेवढा तो त्यात टिकतो. साध्या हवेच्या दाबाला 0 अंशाचं एक लिटर पाणी साधारण 1.7 लिटर गॅस धरतं, तेच पाणी 30 अंशावर आलं की 0.7 लिटरसुद्धा धरत नाही. आणि गोव्यात आमच्या डिचोलीला मे महिन्यात स्वयंपाकघरात 30 च्या खाली काही नसतं, नळाचं पाणी पण कोमट येतं. म्हणजे ओट्यावरचं सिरप गार सोड्यात ओतलं की तिथल्या तिथे निम्मी मजा गेली. दुसरं म्हणजे गॅसला बाहेर पडायला काहीतरी खरखरीत लागतं. पल्पचा रेषा, मिठाचा दाणा, जिऱ्याची पूड, बर्फावरचं भुरभुरं हिम, ह्या सगळ्यांवर बुडबुडे धरतात आणि एकदम वर येतात. आमरसाचं तेच झालं होतं. गाड्यावर लिंबू सोडा घेताना बघा, तो मीठ टाकतो आणि फसफस वर येतं, दिसायला छान दिसतं पण तो आपला गॅसच चाललेला असतो, म्हणून तो सोडा उभ्या उभ्या लगेच प्यावा लागतो. घरी करताना मीठ, जिरं, मिरी जे काय असेल ते सिरपमध्येच आधी मुरवायचं, ग्लासात वरून काही टाकायचं नाही.

आता सिरप.

सुरुवात भिरंडापासूनच करते कारण माझ्या मते सोड्यासाठी ह्याच्याइतकं चांगलं फळ दुसरं नाही. कोकणात रातांबा म्हणतात, बाहेरचे कोकम म्हणतात, आमच्याकडे भिरंड. एप्रिल अखेरपासून पाऊस लागेपर्यंत मिळतात. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात ढीग लागतात, डिचोलीला पण बाया टोपल्या घेऊन बसतात, आणि ज्यांच्या परसात किंवा कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, झाड आहे त्यांच्याकडे तर खाली सडा पडून वाया जातात, त्यांना नुसतं विचारलं तरी पिशवी भरून देतात. फळ घेताना गर्द लाल, जवळजवळ जांभळट आणि हाताला घट्ट लागणारं घ्यायचं, भोकं पडलेली किंवा पाणी सुटलेली नकोत. साधारण दोन किलो भिरंडं घेतली की एक किलोच्या आसपास सालं निघतात.

भिरंडं धुवायची आणि फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची. पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण, पाण्याचा थेंब राहिला तर बरणीत बुरशी येते, आणि आठ दिवस राखलेली बरणी ओतून देताना जीव तुटतो. मग सुरीने आडवी अर्धी करायची, आतला पांढरा गर आणि बिया वेगळ्या भांड्यात काढायच्या. त्या टाकू नका, त्यात मीठ घालून ठेवलं की आगळ होतो तो सोलकढीला येतो, आणि बिया धुऊन सुकवून ठेवल्या तर त्याचं तेल निघतं जे सासूबाई पावसाळ्यात टाचांच्या भेगांना लावतात.

सालं एक किलो असतील तर साखर दीड किलो. ऐकायला खूप वाटते पण कमी करू नका, इथे साखर नुसती गोडीला नाहीये, तीच टिकवते. काही जणी दोन किलो घालतात, ते वर्षभर बाहेर सुद्धा राहतं असं म्हणतात, मला तेवढं गोड आवडत नाही, मी दीड घालते आणि नंतर फ्रीजमध्ये ठेवते. काचेच्या बरणीत सालांचा एक थर, साखरेचा एक थर असं भरत जायचं, सालाच्या वाटीत पण साखर भरायची, सगळ्यात वर साखरेचा जाड थर. तोंडाला स्वच्छ सुती फडकं बांधायचं आणि उन्हात. संध्याकाळी घरात आणायची, सकाळी परत बाहेर. दुसऱ्याच दिवशी तळाला लाल रस दिसायला लागतो आणि तो रंग बघून बरं वाटतं खरंच. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने खालीवर करायचं. सात-आठ दिवसांत साखर सगळी विरघळते आणि सालं आक्रसून चामट होतात, मग झालं.

मेच्या शेवटी कधी कधी पावसाच्या सरी आधीच सुरू होतात आणि ऊन दडी मारतं. तेव्हा वाट बघत बसू नका. सगळं स्टीलच्या पातेल्यात काढून अगदी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळायचं नाही. उन्हातल्याची चव वेगळी, जास्त मोकळी लागते, पण नासण्यापेक्षा हे बरं. पातेलं स्टीलचंच हवं. अॅल्युमिनियम, पितळ, तांबं नको, भिरंडाचा आंबटपणा धातू खातो आणि चवीत पण उतरतो.

गाळताना आधी स्टीलची गाळणी आणि मग धुतलेलं मलमलचं फडकं. फडकं पिळायचं नाही, टांगून ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. पिळलं की गाळ खाली उतरतो आणि तोच गाळ मग ग्लासात गॅस पळवतो. दीड लिटरच्या आसपास सिरप मिळतं. त्यात दीड चमचा मीठ, आणि दोन चमचे जिरं कोरडं भाजून जाडसर भरडून पुरचुंडीत बांधून रात्रभर सिरपमध्ये सोडून ठेवायचं, सकाळी काढून टाकायचं. पूड घालू नका, वर सांगितलं ना का ते.

अननस आता जवळपास बाराही महिने मिळतो पण उन्हाळ्यातला फोंड्याकडच्या कुळागरातला जो असतो, पोफळीच्या सावलीत वाढलेला, तो घरात आणला की आख्ख्या घराला कळतं. तसा मिळाला तर तोच घ्या. बुडाशी हुंगून बघायचं, वास आला पाहिजे. एक मध्यम अननस, सोलून डोळे काढून साधारण 700 ग्रॅम भरतो, बारीक चिरायचा आणि 350 ग्रॅम साखर लावून तासभर झाकून ठेवायचा. रस सुटतो. मग एक कप पाणी घालून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं, वर जो फेस येतो तो चमच्याने काढत राहायचं, चार-पाच मिरी दाणे ठेचून घालायचे. मिरीने अननसाला अशी काही चव येते की मी आता मिरीशिवाय करतच नाही. रवीने थोडं दाबून घ्यायचं पण मिक्सरला लावायचं नाही, मिक्सरमध्ये रेषे इतके बारीक होतात की कुठल्याच फडक्यातून अडत नाहीत. गाळणी, मग फडकं, पिळायचं नाही. पूर्ण गार झाल्यावर दोन लिंबांचा रस. लिंबाचा रस गरम सिरपमध्ये घालायचा नाही, त्याचा ताजेपणा जातो, कधी कधी कडवट पण लागतो.

लिंबाबद्दल अजून एक, फक्त चवीसाठी नाही, फळ कितीही चांगलं असलं तरी सोड्यात त्याची गोडीच पुढे येते आणि फळ मागे राहतं, आंबट असलं की फळ परत समोर येतं. म्हणून सिरप चाखताना ते थोडं जास्तच आंबट लागलं पाहिजे. नुसतं चाटून छान लागलं तर सोड्यात ते मिळमिळीत लागणार हे नक्की समजा. आणि आंबटामुळे घट्ट सिरपमध्ये साखरेचे खडे पण धरत नाहीत.

आता बोंडू, म्हणजे काजूचं फळ. ह्याच्याबद्दल मला मनापासून लिहायचं होतं. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भाटात गेलात तर बी काढून घेतलेल्या बोंडवांचे ढीग दिसतात. ज्यांची भट्टी आहे ते रस काढून त्याची दारू, म्हणजे उर्राक आणि फेणी, करतात, पण ज्यांची नाही त्यांचे बोंडू तिथेच कुजतात. इतकं रसाळ फळ, सी व्हिटॅमिन भरपूर, आणि आपण बी तेवढी घेतो. लोक म्हणतात बोंडू घशाला लागतो, खवखवतो. खरं आहे, त्यात टॅनिन असतं. पण ते काढता येतं आणि त्याला लागतं काय तर घरातली पेज.

बोंडू झाडावरून त्याच दिवशी पडलेले किंवा काढलेले हवेत. ठेचाळलेले नकोत. सकाळी आणले तर सकाळीच करायला घ्यायचे, दुपारपर्यंत ते आंबायला लागतात, वास बदलतोच. धुऊन देठाकडचा आणि बीकडचा भाग कापून टाकायचा, फोडी करायच्या आणि फडक्यात घालून हाताने पिळून रस काढायचा, हे एकच फळ जिथे मी पिळा म्हणतेय. एक लिटर रसाला साधारण अर्धी-पाऊण वाटी भाताची पेज, म्हणजे वरचं दाट पाणी, मिठाशिवाय आणि गार झालेलं. ढवळून ठेवून द्यायचं, फ्रीजमध्येच ठेवा म्हणजे आंबणार नाही. थोड्या वेळाने रस फाटल्यासारखा दिसतो आणि गाळ तळाला बसायला लागतो, ते टॅनिन. दोन-तीन तासांनी वरचा निवळ रस हलक्या हाताने ओतून घ्यायचा आणि परत फडक्यातून गाळायचा. चाखून बघा, घशाला लागत असेल तर परत थोडी पेज घालून तेच करायचं. मग एक लिटर निवळ रसाला 700 ग्रॅम साखर, एकच उकळी आणि गॅस बंद, गार झाल्यावर तीन लिंबांचा रस आणि एक छोटा चमचा मीठ. रंग फिकट पिवळा येतो, वास मात्र जोरदार, गोव्याबाहेरच्या माणसाला पहिल्या घोटाला विचित्र वाटू शकतो. माझ्या नवऱ्याला आवडतो, नणंदेला नाही आवडत. ज्याच्या लहानपणात तो वास आहे त्याला हे सिरप दिलंत तर तो गप्प होऊन ग्लास संपवतो.

बाकीची फळं पटकन सांगते कारण रीत तीच आहे. करवंदं मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून चीक काढायचा, मग थोड्या पाण्यात मऊ शिजवून गाळायची, अर्धी पिकलेली अर्धी कच्ची घेतली तर रंग पण येतो आणि आंबट पण. जांभळाला आंबटपणा कमी म्हणून लिंबू दुप्पट. पॅशन फ्रुट आता पुष्कळ जणांच्या कुंपणावर आहे, त्याचा गर बियांसकट साखरेत ढवळून तासाभराने गाळायचा, शिजवायचा नाही, शिजवला की वास उडतो. कैरी उकडून घेतली तर पन्ह्यासारखं दाट होतं आणि सोड्यात फेसाळतं, त्यापेक्षा कच्चीच किसून साखर लावून सुटलेलं पाणी गाळून घ्या. कलिंगड करू नका, त्याची चव शिजवलं की जाते आणि नाही शिजवलं तर टिकत नाही. आणि मानकुराद आंबा, तो सोड्यात घालायचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे, तो चोखून खायचा.

सिरप भरायच्या काचेच्या बाटल्या पाण्यात दहा मिनिटं उकळून उलट्या ठेवून सुकवून घ्यायच्या. भिरंडाचं सिरप साखर भरपूर असल्यामुळे फ्रीजमध्ये आमच्याकडे चतुर्थी काढतं आणि दिवाळीपर्यंत पण जातं. अननस, बोंडू, पॅशन फ्रुट हे कमी साखरेचे, दोन ते तीन आठवड्यांत संपवा. बाटली उघडताना फुस्स आवाज आला, बुडबुडे दिसले, दारूसारखा वास आला तर ते आंबलंय, टाकून द्या. बाटलीवर तारीख लिहून ठेवत जा, खरंच उपयोग होतो, फ्रीजमध्ये मागे सरकलेली बाटली कधीची ते कोणालाच आठवत नाही.

आता सोडा. तीन मार्ग आहेत.

पहिला, विकतचा साधा सोडा. ह्यात कमीपणा काही नाही, मी पण बहुतेक वेळा हाच वापरते. मोठी बाटली घेऊ नका, छोट्या घ्या, कारण मोठी एकदा उघडली की दुसऱ्या दिवशी तिच्यात पाणीच उरतं. आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवायच्या, आडव्या नाही, उभ्या, आणि उघडायच्या आधी हलवायच्या नाहीत.

दुसरा, सोडा मेकर. ह्याच्यात फूड ग्रेड कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो आणि बटण दाबून पाण्यात गॅस सोडायचा. घरात सोडा पिणारे जास्त असतील तर परवडतो. पण एक नियम डोळे झाकून पाळायचा, मशीनमध्ये फक्त साधं पाणी, आणि तेही फ्रीजमधलं एकदम गार. सिरप घालून गॅस मारलात तर फेस नळीतून वर जातो, मशीन चिकट होऊन बसतं आणि स्वयंपाकघर पण. छोट्या 8 ग्रॅमच्या गोळ्यांचा सायफन पण मिळतो, लिटरभर पाण्याला एक गोळी, फक्त दुकानात घेताना नीट वाचून घ्या कारण तशाच दिसणाऱ्या क्रीम फेटायच्या गोळ्या असतात, त्यात नायट्रस ऑक्साइड असतो, त्या सोड्याला चालत नाहीत. ह्या सगळ्याची सुरुवात कुठे झाली माहितेय, 1767 साली इंग्लंडमध्ये लीड्सला जोसेफ प्रीस्टली बिअरच्या भट्टीशेजारी राहायचा आणि आंबणाऱ्या पिंपावर जो गॅस साचतो तो त्याने पाण्यात मिसळून बघितला. म्हणजे सोडा मुळात आंबवण्यातूनच आलाय, आणि तिसरा मार्ग तोच.

त्याआधी एक, इंटरनेटवर खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व टाकून घरी फसफसणारं पाणी करा असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. गॅस येतो, नाही असं नाही, पण चव खारट साबणासारखी लागते. आणि भिरंडात तर मुळीच करू नका. भिरंडाचा लाल रंग आंबटात लाल असतो, सोड्याने आंबट मारलं गेलं की तोच रंग जांभळट-निळसर मळकट होतो. आठ दिवस उन्हात राखलेल्या बरणीचं असं होऊ द्यायचं का?

तिसरा मार्ग आल्याचा. आंबवलेला सोडा. वेळ लागतो, पण विकतचं काहीच लागत नाही. आपल्याकडे सान्नांना, म्हणजे इडलीसारख्या असतात त्यांना, सूर म्हणजे माडी घालून पीठ फुगवतात ना, त्यात जे यीस्ट काम करतं तसंच यीस्ट आल्याच्या सालीवर पण असतं. काचेच्या बरणीत अर्धा लिटर पाणी, नळाचं असेल तर उकळून गार केलेलं कारण क्लोरीनने यीस्ट मरतं, त्यात एक मोठा चमचा सालासकट किसलेलं आलं आणि एक मोठा चमचा साखर. तोंडाला फडकं. रोज त्यात अजून एक चमचा आलं, एक चमचा साखर आणि ढवळायचं. थंड प्रदेशातल्या रेसिपीत आठवडा लिहिलेला असतो, आपल्याकडे उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बुडबुडे येतात आणि कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. हे झालं विरजण.

एक लिटर सोड्याला 150 मिली सिरप, 750 मिली उकळून गार केलेलं पाणी आणि गाळलेलं विरजण 70 मिली. हे प्लास्टिकच्या जाड सोड्याच्या बाटलीत भरायचं, वर चार बोटं जागा सोडून, झाकण घट्ट. प्लास्टिकचीच. दोन वर्षांपूर्वी मी दिसायला छान म्हणून काचेच्या जुन्या सॉसच्या बाटल्यांमध्ये भरलं आणि दोन दिवस मांडणीवर विसरले, रात्री एक बाटली फुटली, काचा अख्ख्या स्वयंपाकघरात उडाल्या होत्या. रात्र होती म्हणून तिथे कोणी नव्हतं. दुपार असती तर मुलं तिथेच असतात. म्हणून हे हात जोडून सांगते, साध्या काचेत आंबवू नका. ती जुनी गोटी सोड्याची बाटली असते तिची काच एवढी जाड उगाच नसते, हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 साली तिचं पेटंट घेतलं तेच मुळी आतल्या गॅसच्या दाबाने गोटी वर रेटली जाऊन तोंड बंद राहावं म्हणून.

प्लास्टिकच्या बाटलीचा फायदा म्हणजे हाताला कळतं. भरली तेव्हा बाटली दाबली जाते, गॅस झाला की दगडासारखी कडक होते. मेमध्ये 18 ते 24 तास पुरतात, पावसात दीड-दोन दिवस. कडक झाली की तडक फ्रीजमध्ये, आणि रात्रभर तरी ठेवायची, म्हणजे गॅस पाण्यात नीट बसतो. उघडताना मोरीवर धरून थोडं थोडं फिरवत उघडायची. फ्रीजमध्ये पण ते हळूहळू चालूच असतं म्हणून चार-पाच दिवसांत संपवा. ह्यात थोडंसं अल्कोहोल होतं, अगदी कमी, पण होतं. जितके दिवस बाहेर तितकं जास्त. ज्यांना ते अजिबात चालत नाही त्यांना आणि लहान मुलांना मी हा सोडा देत नाही, त्यांच्यासाठी पहिला मार्ग.

आता ग्लास कसा करायचा, नणंद नेमकं इथेच चुकते. ग्लास आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये. बर्फ घालायचा तर मोठे खडे, दोनच, आणि ते गार पाण्याखाली एकदा धुऊन घ्यायचे, वरचं हिम गेलं की बर्फ गुळगुळीत होतो आणि फेस येत नाही. तळाला सिरप, 250 मिलीच्या ग्लासाला भिरंडाचं 30 ते 35 मिली, अननस किंवा बोंडवाचं 45 ते 50. मोजायला माप नसेल तर तीन मोठे चमचे म्हणजे 45 मिली. मग ग्लास तिरका धरून सोडा कडेने हळू सोडायचा, वरून धबधबा नाही. आधी थोडा, दोन बोटं, आणि लांब चमच्याने एकदाच खालून वर उचलायचं म्हणजे सिरप सुटतं. मग उरलेला सोडा, आणि आता चमचा घालायचा नाही. गोल गोल ढवळत बसलं की सगळा गॅस हवेत. तळाला थोडा गडद रंग आणि वर फिकट असा दिसला तर तसाच राहू दे, पिता पिता मिसळतो.

पंधरा-वीस माणसं असतील, चतुर्थीला आमच्याकडे असतात, तर जगमध्ये करून ठेवू नका. सिरपचे ग्लास आधी भरून ट्रेवर फ्रीजमध्ये ठेवायचे आणि पाहुणे बसले की फक्त सोडा ओतत जायचं. भिरंडाला वरून काही लागत नाही. अननसाला पुदिन्याचं एक पान चालतं. बोंडवाला एक हिरवी मिरची उभी चिरून ग्लासात सोडायची, उर्राकात सोडतात तशी, उर्राक नसला तरी ती मिरची बोंडवाला फार शोभते.

आणि भिरंडाचं सिरप गाळल्यावर फडक्यात उरलेली सालं फेकू नका. ताटात पसरून वर जाळी घालून दोन-तीन दिवस उन्हात ठेवायची, बाहेरून कोरडी आणि आतून चिवट झाली की डब्यात भरायची. आंबटगोड, चघळायला एकदम छान. नणंदेच्या धाकट्याने जाताना तो डबा बॅगेत घातला आणि सावंतवाडी यायच्या आधीच संपवला असा तिचा फोन आला. ह्या वर्षी त्याच्यासाठी वेगळी बरणी लावलीय.